दिवेलागणीची घालमेल: डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसाच्या घरात काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

लक्षणे

दुपारपर्यंत माणूस बऱ्यापैकी स्वस्थ असतो. साडेचार-पाचच्या सुमारास त्याची चुळबुळ सुरू होते. तो पडवीतून खळ्यात (अंगणात) आणि खळ्यातून पुन्हा माजघरात येरझाऱ्या घालतो, कपाटातले कपडे काढून त्यांचे गाठोडे बांधतो, कधीच निवर्तलेल्या आईवडिलांची चौकशी करतो आणि अखेर ‘माका घराक जावचा आसा’ असे म्हणत पाणंदीची वाट धरतो; ज्या घरात तो उभा असतो तेथेच त्याचा सारा संसार झालेला असतो, तरीही. अडवले की काही जण चिडतात, काही हात उगारतात, काही रडू लागतात, काही आरशातल्या ‘परक्या’ माणसाशी भांडतात. जेवणाचे ताट परत जाते, नेसलेली साडी पुन्हा पुन्हा सोडली जाते. नऊ-दहा वाजता सगळे निवते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा सुरू होते.

वैद्यकीय भाषेत या संध्याकाळच्या अस्वस्थतेला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. आपल्याकडे ‘तिन्हीसांजेला बाहेरचे लागले’ असे म्हणून देवाला गाऱ्हाणे घालण्याची तयारी होते. त्याला माझा विरोध नाही. फक्त गाऱ्हाण्याआधी दिवा, पोट आणि लघवी या तीन गोष्टी पाहून घ्याव्यात, एवढीच विनंती. मालवण-वेंगुर्ले पट्ट्यात घरोघरी जाऊन शुश्रूषा करताना हाच प्रश्न माझ्यासमोर सतत येतो आणि बहुतेक वेळा त्याचे कारण खोलीत, शरीरात किंवा दिवसाच्या आखणीत सापडते. हट्टीपणा हे कारण मला क्वचितच सापडले आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक अट. ही अस्वस्थता गेल्या एक-दोन दिवसांत एकाएकी आली असेल, किंवा आधी होती पण अचानक फारच वाढली असेल, तर खालच्या तपासण्या करत बसू नये. थेट ‘येथे थांबावे’ हा भाग वाचावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पहिली तपासणी: वही

एक साधी वही घ्यावी आणि आठवडाभर नोंद ठेवावी. घालमेल किती वाजता सुरू झाली, त्याच्या आधीच्या तासात काय घडले, दुपारी झोप किती झाली, शेवटचे खाणे-पिणे केव्हा झाले, शौचास कधी झाले, घरात कोण आले, वीज गेली होती का, एवढे पुरे. खर्च काहीच नाही, पण बाकीच्या साऱ्या तपासण्या या वहीवर उभ्या राहतात, कारण थकलेल्या घराला ‘रोजच असते’ असे वाटत असले तरी नोंद पाहिली की ते रोज नसते असे दिसते. मुलगी माहेरी आली त्या दिवशी घालमेल नव्हती, किंवा तिसऱ्या दिवशी पोट साफ झाले त्या संध्याकाळी आजी शांत होत्या, अशा जोड्या आपोआप डोळ्यांत भरतात.

दुसरी तपासणी: उजेड

कोकणातल्या घरासाठी ही सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे असे माझे मत आहे. उतरती कौले, खाली आलेली पडवी, जांभ्याच्या जाड भिंती आणि लहान खिडक्या यांमुळे माजघर उन्हाळ्यातही काळोखे असते. त्यात जूनच्या तोंडावर पावसाचे झड आत येऊ नयेत म्हणून पडवीला माडाच्या चुडतांचे झाप किंवा निळी ताडपत्री बांधली जाते आणि चार वाजताच घरात संध्याकाळ होते. अनेक घरांत ‘पावसाळा लागला आणि आई बिघडली’ असे सांगतात, त्यामागे हीच ताडपत्री असू शकते.

याचे कारण असे की डिमेन्शियामध्ये डोळ्यांनी टिपलेल्या दृश्याचा अर्थ लावण्याची मेंदूची शक्ती कमी होते. कमी उजेडात खुंटीवरचा सदरा उभ्या माणसासारखा दिसतो, दारातले काळे पायपुसणे खड्ड्यासारखे वाटते आणि चकचकीत लादी पाण्याने भरल्यासारखी भासते, म्हणून पाऊल उचलायला माणूस तयार होत नाही. मोतीबिंदू असेल तर यात भरच पडते. ज्याला आपण भास म्हणतो तो पुष्कळदा चुकीच्या जागी लावलेला दिवा असतो.

म्हणून अंधार पडण्याची वाट न पाहता चारच्या आधीच माजघर आणि पडवीतले दिवे लावावेत. एकाच झगझगीत दिव्यापेक्षा दोन बाजूंना दोन मध्यम दिवे बरे, कारण त्यामुळे सावल्या लांबत नाहीत. ताडपत्रीची एक बाजू, जिकडून झड येत नाही ती, दिवसा उघडी ठेवावी. माणूस आरशाला घाबरत असेल तर त्यावर कापड टाकावे. काळी पायपुसणी उचलावीत. रात्री अंथरुणापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा तेवत ठेवावा.

आपल्याकडे वीज जाते, आणि ती नेमकी वादळी संध्याकाळी जाते. क्षणात काळोख होणे, पंखा थांबणे आणि घरातल्यांची ‘मेणबत्ती खंय गेली’ अशी धावपळ, एवढे घालमेलीला पुरेसे असते. वीज गेल्यावरही काही तास जळणारे चार्जिंगचे एलईडी बल्ब साधारण ३०० ते ५०० रुपयांत मिळतात. असा एक बल्ब रुग्णाच्या खोलीत कायमचा लावून ठेवावा. चिमणी किंवा मेणबत्ती त्याच्या हाताच्या पल्ल्यात ठेवू नये.

तिसरी तपासणी: आपले बोलणे

‘घरी जायचे आहे’ या वाक्याला ‘हेच तुमचे घर’ हे उत्तर खरे असले तरी उपयोगाचे नाही. आठवणींचा दुवा तुटलेल्या माणसाला पुरावा देऊन पटत नाही. त्याच्या कानावर फक्त नकार आणि चढलेला आवाज पडतो. ‘तुमची आई वारली त्याला तीस वर्षे झाली’ असे सांगितले, तर तो शोक त्याच्यासाठी त्या क्षणी नवा असतो, आणि उद्या पुन्हा नवा होतो.

त्याऐवजी समोरून यावे, डोळ्यांच्या पातळीवर बसावे, हात हळूच हातात घ्यावा आणि मग एकच छोटे वाक्य बोलावे. ‘आये, आधी चाय घेवया, मगे जावया’ असे म्हणून चहा पाजणारी आणि मग सासूला घेऊन माडांमधून एक फेरी मारून परत आणणारी सून मला कोणत्याही गोळीपेक्षा गुणकारी वाटते. आईची आठवण काढली तर ‘तुमची आई आंबोळ्या कशा घालायची?’ असे विचारावे. आयुष्यभराचे बोलणे मालवणीत झालेले असेल तर मालवणीतच बोलावे, कारण मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते असे पुष्कळदा दिसते. शहरातून आलेल्या नातवंडांना हे आवर्जून सांगावे लागते.

चौथी तपासणी: भूक, तहान, शौच

जुन्या घरांत जेवण बाराला उरकते. चार वाजता कपभर चहा होतो आणि रात्रीचे जेवण आठला. भुकेची जाणीव होते, पण तिला नाव देता येत नाही, आणि माणूस अस्वस्थ होतो. पाचच्या आत वाटीभर ऊन पेज, एखादे केळे किंवा घावणा देऊन पाहावे. साखरेचा त्रास असल्यास काय द्यावे हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे, आणि मधुमेहाची औषधे चालू असतील तर अशा वेळी ग्लुकोमीटरने साखरही तपासावी, कारण ती घसरली तरी घालमेल अशीच दिसते.

वयाबरोबर तहान कमी लागते. वैशाखातल्या दमट उकाड्यात घामावाटे पाणी जाते आणि ‘त्यांनी मागितलेच नाही’ म्हणून दिले जात नाही. दर दीड-दोन तासांनी अर्धा पेला पाणी, ताक किंवा कोकम सरबत हातात द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण बांधून दिलेले असेल तर तेवढेच. दुपारी तीननंतरचा कडक चहा मात्र बंद करावा, कारण तो रात्रीची झोप मोडतो. शौचालय मागील दारी असेल तर वाट अंधारी आणि शेवाळलेली असते, म्हणून माणूस जायचे टाळतो आणि तुंबलेल्या लघवीने बेचैन होतो. दर दोन-तीन तासांनी आपणच घेऊन जावे. तीन दिवस पोट साफ झालेले नसेल तर संध्याकाळच्या रागाचे दुसरे कारण शोधण्याआधी त्यावर उपाय करून घ्यावा.

ताट परत जात असेल तर रंगाकडे पाहावे. स्टीलच्या चकचकीत किंवा पांढऱ्या ताटातला पांढरा भात या रुग्णांना नीट दिसतच नाही. बोस्टनमधील संशोधकांनी २००४ मध्ये गंभीर अल्झायमर (डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) असलेल्या मोजक्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल रंगाच्या भांड्यांतून जेवण दिले, तेव्हा त्यांचे खाणे सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणे सुमारे ८४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. अभ्यास लहान होता, पण करून पाहायला काय हरकत आहे? आपल्या परसात तर हिरवेगार केळीचे पान फुकट आहे. ताटावर पान ठेवून त्यावर भात वाढावा, एका वेळी एकच पदार्थ वाढावा, आणि माशाचे काटे आपण काढून द्यावेत. खाताना वारंवार ठसका लागत असेल तर ती गिळण्याची अडचण आहे. तिच्यावर घरगुती उपाय करू नयेत, डॉक्टरांना दाखवावे.

पाचवी तपासणी: कान, चष्मा आणि गोंगाट

चष्मा त्याच माणसाचा आहे ना, तो पुसलेला आहे ना, श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे ना, हे रोज सकाळी पाहावे. कानात मळ साचला की माणसाला अर्धवट ऐकू येते आणि अर्धवट ऐकलेल्या कुजबुजीतून ‘माझ्याविरुद्ध काही चालले आहे’ हा संशय जन्म घेतो. मळ काडीने कोरू नये आणि गरम खोबरेल कानात ओतण्याची जुनी सवय सोडावी, कारण पडद्याला भोक आहे की नाही हे आपल्याला दिसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले की पुढे काय करायचे ते कळते.

गोंगाटाचा हिशेब वेगळा ठेवावा. पत्र्यावर कोसळणारा पाऊस, टीव्हीवरच्या मालिकेतले भांडण आणि स्वयंपाकघरातला मिक्सर हे तिन्ही आवाज आपण वेगळे करू शकतो. त्या माणसाला तो एकच कल्लोळ ऐकू येतो, आणि मालिकेतले भांडण आपल्याच घरात चालले आहे असेही वाटू शकते. पाच ते सात टीव्ही बंद, ही सूचना घरातल्या इतरांना सर्वांत जड जाते, तरी ती पाळावी. गणपतीत चाकरमानी येतात आणि घर माणसांनी भरून जाते. त्या दिवसांत एक खोली शांत ठेवावी, पाहुण्यांनी एकेकटे जाऊन भेटावे आणि ‘मला ओळखलंत का?’ ही परीक्षा न घेता आपले नाव व नाते आधी सांगावे.

सहावी तपासणी: दुखणे

बोलून सांगता न येणारे दुखणे हातापायांतून बाहेर पडते. आंघोळीला घातल्यावर मारायला धावणाऱ्या आजोबांचा खांदा आखडलेला असतो. जेवण थुंकणाऱ्या आजींच्या कवळीखाली जखम असते. डोक्यापासून तळव्यापर्यंत पाहावे: हिरड्या, कवळी, गुडघे, माकडहाड, टाचा, आत वळलेली नखे. हालचाल करवताना श्वास जड होतो का, कण्हणे येते का, चेहरा आक्रसतो का, अंग ताठते का आणि समजूत घातल्यावर शांतता येते का, या पाच खुणा पाहून दुखण्याला शून्य ते दहा गुण देण्याची ‘पेनॅड’ नावाची पद्धत २००३ पासून वापरात आहे. ती घरच्यांनाही जमते.

या तपासणीला मी इतके महत्त्व देते त्याला आधार आहे. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डिमेन्शिया असलेल्या अस्वस्थ रुग्णांच्या वेदनेवर पायरीपायरीने उपचार केल्यावर त्यांची अस्वस्थता स्पष्टपणे कमी झाली. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांना साधे पॅरासिटामॉल पुरले होते. तरीही मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी, विशेषतः यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर.

सातवी तपासणी: दिवसाची आखणी

येथे वेळ जास्त लागतो आणि परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. मेंदूतले झोप-जागेचे घड्याळ या आजारात बिघडते आणि त्याला जुळवून घ्यायला सकाळच्या उजेडाची मदत होते. म्हणून सकाळी अर्धा-पाऊण तास खळ्यात बसवावे. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये आणि ती तीनच्या आत संपवावी. आंघोळ, नखे, डॉक्टर अशा कटकटीच्या गोष्टी सकाळीच उरकाव्यात.

त्यानंतरचा प्रश्न असा की चार ते सहा या वेळेत हा माणूस आयुष्यभर काय करत होता? रापणीवर गेलेल्या माणसाला संध्याकाळी हातात काही नसणे सहन होत नाही. त्याला फाटक्या जाळ्याचा तुकडा आणि दोरा दिला की त्याची बोटे आपोआप चालतात. बागायतदाराला सुपाऱ्या निवडायला द्याव्यात, गृहिणीला वाल सोलायला किंवा वाती वळायला. काम नीट झाले की नाही हे पाहू नये. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे काम केलेले टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात मांडलेला विचार असा की या माणसांना औषधापलीकडे दिलासा, जवळीक, सामावून घेतले जाणे, हाताला काम आणि आपली ओळख यांची गरज असते, आणि त्या साऱ्यांच्या मुळाशी प्रेम असते. गाठोडे बांधून निघालेल्या माणसाकडे या नजरेने पाहिले की पाचांपैकी काय कमी पडते ते बहुधा कळते.

इंद्रियांना सुखावणाऱ्या गोष्टी याच वेळेत द्याव्यात, पण एका वेळी एकच. कोमट खोबरेल तेलाने हात-पाय चोळणे, विचारून आणि संमती दिसली तरच. तरुणपणी ऐकलेले भजन किंवा दशावतारातले नाट्यपद, हळू आवाजात. दिवेलागणीचे ‘शुभं करोति’, ज्याचे शब्द इतर बरेच काही विसरलेल्या माणसाच्याही ओठांवर येतात. सुरंगीचा वळेसर किंवा ओंजळभर बकुळीची फुले. वासाचा परिणाम दिसला नाही तर नवल वाटू नये, कारण अल्झायमरमध्ये वास घेण्याची शक्ती लवकर मंदावते. याच कारणाने गॅस गळत असला तरी त्यांना कळत नाही, तेव्हा सिलिंडरचा रेग्युलेटर वापरानंतर बंद करावा.

निघून जाण्याची सवय असेल तर विहिरीवर जाळी, दाराला घंटा, खिशात नाव आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, तसेच शेजारी, रिक्षावाले आणि तिठ्यावरचा दुकानदार यांना पूर्वकल्पना, हे सारे झालेच पाहिजे. माणूस दिसेनासा झाला तर आधी विहीर, व्हाळ (ओढा) आणि खाडीच्या बाजूला माणसे धाडावीत. कोंडून ठेवू नये आणि बांधून तर मुळीच ठेवू नये. बांधलेल्या माणसाची घालमेल वाढते आणि सुटण्याच्या धडपडीत इजा होते.

आठवी तपासणी: औषधांची पिशवी

घरातली सगळी औषधे, म्हणजे मुंबईच्या डॉक्टरांची, गावच्या डॉक्टरांची, वैद्यांची आणि दुकानातून परस्पर आणलेली, एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ठेवावीत. सर्दीच्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन, उदासीवर दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन आणि कंपावर दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल ही औषधे स्मरणशक्तीला लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्याच आड येतात आणि गोंधळ वाढवतात. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो आणि कधी उलट चिडचिड वाढते. स्मरणशक्तीसाठी दिले जाणारे डोनेपेझिल रात्री घेतल्यास काहींना भीतिदायक स्वप्ने पडतात. ते सकाळी घेता येईल का, हे विचारावे. यातले काहीही मनाने बंद करू नये. झोपेची गोळी बरीच वर्षे चालू असताना एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात.

येथे थांबावे

पुढील गोष्टी दिसल्या तर घरचे प्रयत्न थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे: काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकाएकी वाढलेला गोंधळ, कधी नव्हे इतकी गुंगी (अचानक गप्प होऊन पडून राहणे हेही तितकेच धोक्याचे असते आणि तेच अधिक वेळा नजरेआड होते), ताप, धाप, उलट्या, लघवी बंद होणे किंवा लघवी करताना कळ, पडल्यानंतर सुरू झालेला गोंधळ. अशा एकाएकी आलेल्या गोंधळाला ‘डिलिरियम’ म्हणतात आणि त्यामागे मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, असे बरे करता येण्यासारखे कारण पुष्कळदा असते. वृद्धांमध्ये संसर्ग असूनही अंग तापलेले नसू शकते. पावसाळ्यात चिखलपाण्यातून वावर झाला असेल तर तेही सांगावे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा (चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचा) विचार होईल. तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, झटका येणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रकार जुनाच आहे, पण सर्व तपासण्या करूनही तीन-चार आठवड्यांत फरक नाही, किंवा माणूस स्वतःला वा दुसऱ्याला इजा करू लागला आहे, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांना दाखवावे. थायरॉइड, ब १२ जीवनसत्त्व आणि सोडियम यांच्या रक्ततपासण्या झाल्या नसतील तर त्या करून घ्याव्यात. शांत करणाऱ्या अँटिसायकोटिक गोळ्यांचा आग्रह आपण धरू नये. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच दिला आहे. लुई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने शरीर ताठून जीवावर बेतू शकते. म्हणून रुग्णाला स्पष्ट भास होत असतील, हालचाल मंद झाली असेल किंवा झोपेत तो हातपाय झाडत असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगावे. गोळी सुरू झालीच तर ती किती दिवसांसाठी आणि पुन्हा कधी तपासायची, हे लिहून घ्यावे.

सांभाळणाऱ्या माणसाची झोप आठवडाभर झालेली नसेल, किंवा आपला हात उगारला जाईल अशी भीती वाटू लागली असेल, तर तेही मदत मागण्याचे पुरेसे कारण आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे दोन्ही शासकीय क्रमांक विनाशुल्क आहेत.

डॉक्टरांकडे जाताना वही, औषधांची पिशवी, चष्मा, श्रवणयंत्र आणि घालमेलीच्या वेळचे मोबाइलवरचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण सोबत घ्यावे, कारण दवाखान्यात हीच माणसे अनेकदा अगदी शहाण्यासारखी वागतात. भेटीची वेळ मात्र सकाळचीच मागावी.